कायद्याच्या सहा दिवस आधी

नागाव, ता. अलिबाग, जि. कुलाबा
११ जानेवारी १९५६

दादा,

मायना काय लिहावा याचा विचार करण्यातच शाळेची मधली सुट्टी संपली. शेवटी नुसतं दादा लिहिलं. पाच वर्षांनी एवढंच जमतं आहे.

बाबा आजारी आहेत. दिवाळीनंतर छातीत दुखायला लागलं, आता चार पावलं चालले की दम लागतो. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय मोठं झालं आहे. बाबांना ते ऐकून वाईट वाटलं नाही. म्हणाले, "मोठं हाय ते बरंच हाय." आता वाडीतलं शिंपणं मी आणि शेजारच्या गोदूकाकू बघतो. बाबा दिवसभर पडवीतल्या बाकावर बसून माडांकडे बघतात. दुपारी भरती असली की सुरूच्या बनापलीकडून समुद्राचा आवाज येतो, तो ऐकत त्यांचा डोळा लागतो.

हे पत्र मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. माझ्या मनाने लिहिलं नसतं, हे तुला कळेलच, म्हणून आधीच लिहून टाकते.

वाचनालयातला पेपर मी शिळा झाल्यावर घरी आणते आणि बाबांना वाचून दाखवते. गेल्या आठवड्यात त्यात होतं की बापाच्या मिळकतीत मुलीलाही मुलासारखा वाटा द्यायचा, असा कायदा दिल्लीत येतो आहे. एका सभागृहात तो पास झाला आहे, आता दुसऱ्यात यायचा आहे. बाबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "अंबाजी बसतो ते घर यातलं कंचं?" मी म्हटलं, ज्यात अजून यायचा आहे ते. "मंग इचार त्याला."

तर विचारते. कायदा कधी होणार? कोण ठरवतं? एकट्यादुकट्याने नको म्हटलं तर तो अडतो का? आणि तू तिथे बसून सगळ्यांची भाषणं लघुलिपीत लिहून घेतोस, तर तुला आधी कळतं का?

तुझं उत्तर आलं की बाबांना वाचून दाखवीन. माझ्यासाठी वेगळं काही लिहू नकोस. मी बरी आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे आहेत.

राही


नागाव
२६ फेब्रुवारी १९५६

दादा,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी होत्या. राज्यसभेत मंजूर, लोकसभेत बहुधा एप्रिल-मेमध्ये, बाबांना जपावे, औषध वेळेवर द्यावे. खाली इंग्रजीत सही.

एक कबूल करते. बाबांना मी त्या चार ओळी वाचून दाखवल्या नाहीत. पत्र आलं म्हटल्यावर ते बाकावर उठून बसले, अंगावरचं पांघरूण नीट केलं, केसांवरून हात फिरवला. माझ्याने चार ओळी वाचवेनात. कागद डोळ्यांसमोर धरला आणि मी बोलत गेले. म्हटलं, दादा लिहितो, आमचं घर गोल आहे. बाहेरून नुसते खांबच खांब दिसतात. आत हिरवा गालिचा आहे, पावसाळ्यात आपल्या विहिरीच्या काठावर शेवाळ धरतं तसा मऊ, त्यामुळे कोणी चाललं तरी पाय वाजत नाहीत. मधोमध एक टेबल आहे, तिथे मी बसतो. माणसं बोलतात आणि मी लिहितो. एवढी मोठी माणसं, पण जो उठतो तो आधी हात जोडतो.

खांबांचं मी पेपरातल्या चित्रात बघितलं होतं. बाकीचं कुठून आलं मला माहीत नाही. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपेतून उठले आणि म्हणाले, "जाऊन आलो."

"कुठे?"

"अंबाजीच्या घरात."

मग सांगत बसले. खांब आपल्या माडांपेक्षा उंच, पण त्यांना पाय ठेवायला पावठ्या नाहीत, तेव्हा चढणाऱ्याचं कठीण. मधल्या टेबलाशी तू बसला होतास, सदरा स्वच्छ होता, अंगाने वाळला आहेस. सगळे मिठावर बोलत होते. "आपला काय न्हाय निघाला आज," म्हणाले. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. एवढ्या मोठ्या देशाची कामं असतात, आपली पाळी येईल, असं म्हणाले.

तेव्हापासून ते रोज दुपारी जातात. उठले की मला आत काय काय झालं ते सांगतात. एकदा पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई बोलत होत्या आणि सगळे गप्प होते. एकदा गालिच्यावर पाणी आलं होतं, घोट्याएवढं, भरतीचं, पण कोणाचं बोलणं थांबलं नाही. मी ऐकते आणि भाजी निवडते. तापातलं बोलणं म्हणावं तर ताप नसतो.

म्हणून तुला सांगते, माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण त्या घराबद्दल नीट लिही. आत कसं काय चालतं, कोण कुठे बसतं, कायदा कसा होतो. म्हातारा माणूस रोज जातो, त्याला खरं काय ते दिसावं.

आणखी एक. पोलीस पाटील बुधाजी बसायला आले होते. ते म्हणाले, भागोजी, कायद्याची वाट कशाला बघतोस? वाडी तू स्वतःच्या मेहनतीने घेतलेली, वाडवडिलांची नव्हे. अलिबागला वकिलाकडून मृत्युपत्र करून घे, अर्धी राहीच्या नावावर कर. मी आत चुलीपाशी होते. बाबांनी माडांकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "मी लिवला तर लोक म्हनतील पोरीनं म्हाताऱ्याला फशिवला. अंबाजीला बी तसाच वाटंल. आन् राहीला वाटंल बापानं दया केली. मला दया करायची न्हाय. तिचा हाय तर तिचा हाय म्हनून मिलू दे."

मी बाहेर आले नाही. तुला खरं सांगायचं तर मला राग आला. हातातला कागद सोडून हा माणूस दिल्लीकडे बघत बसला आहे. पण मुलीने स्वतःच्या तोंडाने कसं म्हणावं, की बाबा, लिहून द्या? तळ्याच्या सासरच्या घरातून मी निघून आले त्या दिवशी त्यांनी मला एक शब्द विचारला नव्हता. पाय धुवायला पाणी काढून दिलं होतं. त्या माणसाकडे आणखी काय मागायचं?

राही


नागाव
१३ मे १९५६

दादा,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. आता वाचताना मला काही जोडावं लागत नाही. उलट एक गोष्ट गाळावी लागते, तिच्याबद्दल खाली लिहिते.

गालिचा खरंच हिरवा आहे हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. बाबांना नाही आला. ते म्हणाले, "मी बघितला तवा हिरवाच व्हता."

तुम्ही लिहिणारे पाळीपाळीने आत जाता, थोडी मिनिटं लिहून बाहेर येता आणि लिहिलेलं टंकून काढता, मग पुन्हा पाळी, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे एखादं भाषण सुरू होताना तू ऐकतोस आणि ते कुठे जाऊन पोचलं ते तुला दुसऱ्याच्या कागदावर कळतं. बाबांना याचं फार वाईट वाटलं.

सगळ्यात त्यांना आवडलं ते मत घेण्याचं. आधी अध्यक्ष विचारतात, बाजूचे एकदम हो म्हणतात, विरुद्धचे एकदम नाही म्हणतात, आणि आवाजावरून निकाल सांगितला जातो. कोणाला तो पटला नाही तर घंटा वाजते, सगळ्या इमारतीत ऐकू जाते, चहा पिणारे चहा टाकून धावत येतात. मग दारं बंद. हो म्हणणारे एका बाजूच्या दालनात जातात, नाही म्हणणारे दुसऱ्या. तिथे कारकून एकेकाच्या नावापुढे खूण करतो. हे मी वाचलं तेव्हा बाबांनी मला थांबवलं.

"म्हंजे उठून चालत जावा लागतं?"

म्हटलं, हो.

"ह्ये बेस हाय. बसल्या जागी व्हय म्हनायला काय लागतं?"

त्या दुपारी ते घंटा ऐकून उठले. मी म्हटलं देवळाची असेल. ते म्हणाले, नाही, दारं बंद व्हायच्या आत मी पोचलो.

आता गाळलेलं. तू लिहिलंस की कोणी एक सभासद बोलायला उठले आणि म्हणाले, मुलीचं घर तिच्या सासरी, माहेरच्या जमिनीत तिचं काय काम, अशाने भावाबहिणीचं प्रेम राहणार नाही. तेव्हा पाळी तुझी होती. तुझी पेन्सिल थांबली. पहिली दोन वाक्यं तू मला पाच वर्षांपूर्वी लिहिली होतीस, शब्दाला शब्द, आणि खाली लिहिलं होतंस की मुकाट्याने तळ्याला परत जा. तुझ्या कागदावर तिथे एक ओळ कोरी राहिली आणि शेजारच्याला विचारून ती भरावी लागली.

मी तुझ्या या मजकुरावर काय लिहू? तळ्याला माझी दोन मुलं जन्मतःच गेली आणि दुसऱ्या बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी मला विहिरीवर पाणी भरायला पाठवलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू विचारलं नव्हतंस. आता सांगितलं. त्या पत्राचा राग किती उरला आहे हे मी अजून पाहिलेलं नाही. पण तुझी पेन्सिल थांबली हे तू मला लिहिलंस, ते मी जपून ठेवलं आहे.

लोकसभेत पास झाल्याची बातमी इथे तुझ्या पत्राच्या आधी आली. पेपर मी धावत आणला. बाबांनी गूळ वाटायला सांगितला, गोदूकाकूंनी कशाबद्दल म्हणून विचारलं, तर म्हणाले, "राहीची पाळी आली." पण तुझ्या पत्रात होतं की काही फेरफार केल्यामुळे तो परत पहिल्या सभागृहात जाणार, त्यांनी ते फेरफार मान्य करायचे, आणि मग राष्ट्रपतींची सही. बाबा हिरमुसले. परत कशाला, असं म्हणत राहिले. मी समजावलं की दोन्ही घरांनी शब्दाला शब्द एकच म्हणायला लागतं. तेव्हा पटलं.

राहत्या घराचं जे कलम तू उतरवून पाठवलंस ते मी बाबांना वाचून दाखवलं, आणि मग एकटीने पुन्हा वाचलं. लग्न न झालेली मुलगी, विधवा मुलगी, नवऱ्याने टाकलेली मुलगी, किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली मुलगी, हिला बापाच्या घरात राहण्याचा हक्क. दादा, गावात मला टाकलेली म्हणतात. शाळेच्या तपासणीला साहेब आले तेही तसंच म्हणाले. मला कोणी टाकलं नाही, मी माझ्या पायांनी आले. त्याला काय म्हणायचं हे मलाही सांगता येत नव्हतं. दिल्लीत कोणीतरी बसून त्यासाठी शब्द शोधला, तो कागदावर घातला आणि त्यावर मतं घेतली. वेगळी झालेली. मी तो पाटीवर लिहून बघितला.

राही


नागाव
७ जून १९५६

दादा,

बाबांचे पाय सुजले आहेत. डॉक्टर म्हणतात पाणी आहे. औषध बदललं, दिवसातून चार वेळा द्यायचं आहे. जेवण दोन घास.

दोन्ही सभागृहांचं झालं, आता सहीच राहिली, हे त्यांना सांगितलं आहे. रोज विचारतात, "झाली?" मी म्हणते, होईल.

दुपारी अजून जातात, पण सांगतात कमी. काल म्हणाले, घर रिकामं आहे. बाकांवर कोणी नाही. पंखे चालू आहेत. मधल्या टेबलाशी तू एकटाच लिहीत बसला आहेस. "मी हाक मारली. त्यानं वर बघितला न्हाय. लिवत व्हता." मी म्हटलं, अधिवेशन संपलं ना, म्हणून रिकामं. ते म्हणाले, "मंग ह्यो काय लिवतो?" काल साधारण तीन वाजता तू काय करत होतास ते मला कळव.

आता जे लिहिते ते कोणाला सांगितलेलं नाही. हल्ली वाचनालयातला पेपर मी रोज सकाळी ताजाच घरी आणते. मी आधी पेपर उघडते आणि सही झाली का बघते. झालेली नसली की मग बाबांच्या मनगटाला हात लावते. काल माझ्या लक्षात आलं की मी हे याच क्रमाने करते. औषधाची वेळ मी एकदाही चुकवलेली नाही, डॉक्टरसुद्धा म्हणाले की मुलगी असावी तर अशी. ते औषध मी कोणासाठी पाजते आहे, दादा? बापासाठी, की वाडीसाठी? चमचा तोंडाशी नेताना मी त्यांच्याकडे बघत नाही. बाबा म्हणतात, "दमलीस." मी हो म्हणते.

रजा मिळत असेल तर ये. नलूवहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही.

राही


नागाव
८ जुलै १९५६

दादा,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. इथे असताना आपण फार बोललो नाही. तेरा दिवस माणसं येत-जात होती आणि आपण दोघं त्यांच्याआड राहिलो. कागदावर मला सोपं जातं, म्हणून लिहिते.

बाबा गेले त्या सकाळचं तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, शांतपणे गेले. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. अकरा जूनला सोमवार होता, शाळेचा पहिला दिवस. मी केस विंचरत होते. त्यांनी विचारलं, "आज आपला निघंल?" मी म्हटलं, आज निघेल. मग त्यांनी उठून बसवायला सांगितलं. मी पाठीशी हात घातला. ते बसले, पाय खाली सोडले, जमिनीला टेकवले. उभं राहायचं होतं त्यांना. कुठे जायचं आहे विचारलं तर समोर बोट दाखवलं, वाडीकडे. तेवढ्यात माझ्या हातातलं वजन बदललं.

तुला तार केली. पावसामुळे रेवसची लाँच बंद, म्हणून तू पनवेलवरून आलास तो चौथा दिवस उजाडला. आणि सातव्या दिवशी, सतरा तारखेला, तू आणि मी या घरात पिठलं-भात खात होतो तेव्हा दिल्लीत सही झाली. आपल्याला ते वीस तारखेच्या पेपरातून कळलं. तू तो पेपर घडी करून उशीखाली ठेवलास. मी तुला ठेवताना पाहिलं.

सहा दिवस, दादा.

त्याच दुपारी बुधाजी पाटलांनी मला बोलावून घेतलं होतं. तू तेव्हा अलिबागला गेला होतास. गावाचं जन्ममृत्यूचं पुस्तक पावसात भिजलं होतं आणि ते नवं उतरवून काढत होते. दौत समोर होती. म्हणाले, "राहीबाय, भागोजीचा नाव अजून लिवला न्हाय. अकराच्या जागी अठरा लिवतो. गावात कोन बोलनार न्हाय. अंबाजीला तू सांग." ते लबाड माणूस नाहीत हे तुला माहीत आहे. बाबांबरोबर बसले-उठलेले आहेत. त्यांना वाटत होतं, एवढी वाट बघितली त्याने, एक आकडा आपण हलवू.

मी लगेच नाही म्हटलं नाही. म्हटलं, उद्या सांगते. आणि सुरूच्या बनात जाऊन बसले. समुद्र खवळलेला होता, फेस माझ्यापर्यंत येत होता. अठरा लिहिलं तर बाबा आणखी सात दिवस जगले असं होईल, आणि त्या सात दिवसांत ते काय करत होते असं कोणी विचारलं तर मी सांगू शकेन, इतकी रचून सांगायची सवय मला तुझ्या त्या चार ओळींच्या पत्रापासून लागली होती. तिथे बसल्या बसल्या ते मला दिसायलाही लागले, बाकावर, पाय खाली सोडून, पेपर ऐकताना. मला ते इतकं बरं वाटलं की मी घाबरले. वाडी त्या वेळी मनात नव्हती. नुसता माणूस हवा होता.

सकाळी जाऊन सांगितलं, अकराच लिहा. बुधाजींनी विचारलं का. मी म्हटलं, दरवर्षी श्राद्ध कोणत्या तिथीला घालू? त्यांनी टाक दौतीत बुडवला. अकरा लिहिलं, आणि मला वाचून बघायला सांगितलं.

म्हणून तलाठी आला तेव्हा त्याने वाडीवर तुझ्या एकट्याचं नाव घातलं, ते नियमाप्रमाणे बरोबर होतं. तू त्याला दोनदा विचारलंस, बहिणीचं घालता येत नाही का. तो म्हणाला, मयत सतरा जूनच्या आधीचा आहे.

आता त्या संध्याकाळचं. तू म्हणालास, अर्ध्या वाडीचं बक्षीसपत्र करून देतो. मी नको म्हटलं. तेव्हा तू जे बोललास ते मला पाठ आहे. "राही, सात वर्षं मी त्या घरात बसतो. किती लोकांचं हो आणि नाही लिहून घेतलं. मला तिथे मत नाही. एकदा तरी मला उठून जाऊ दे." मी आत गेले आणि भांडी घासत बसले. तुला वाटलं असेल की जुना राग आहे. थोडा असेल. पण मुख्य गोष्ट ती नव्हती. बाबांना दया नको होती. बापाकडून जी घ्यायची नाही ती भावाकडून कशी घेऊ? बक्षीस हा शब्दच बघ. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला देतात ते बक्षीस.

वाडी तुझ्याच नावावर राहू दे. मी बघते, शिंपते, घरात राहते. तू मला जा म्हणणार नाहीस, एवढं मला आता माहीत आहे. तेवढ्यावर भागेल.

राही


नागाव
१८ ऑक्टोबर १९५६

दादा,

परवा जे झालं ते तुला सविस्तर सांगते.

ठमी तुला आठवते का? तुकारामकाकांची मुलगी, वरच्या आळीतली. माझ्याबरोबर दुसरीपर्यंत शिकली, मग किहीमला दिली. तुकारामकाका भाद्रपदात गेले. दसरा झाल्यावर ठमी माहेरी आली, तर तिच्या भावांनी एक कागद तयार ठेवला होता. तिने नुसता अंगठा उठवायचा होता. अंगठा देते, पण राहीने वाचून दाखवल्यावर, असं ती म्हणाली. म्हणून मला बोलावणं आलं.

ओटीवर घोंगडी घातली होती. थोरला भाऊ भिकू, धाकटा दादू, दोघांच्या बायका दारात. माणसं वाईट नाहीत. ठमीला दर सणाला आणतात, तिची बाळंतपणं याच घराने केली. चहा आला. मी कागद वाचला. त्यात होतं की मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दाबाखाली नसता, वडिलांच्या मिळकतीतला माझा हक्क माझ्या भावांच्या लाभात कायमचा सोडत आहे. ठमीच्या अंगठ्याला शाई आधीच लावून ठेवली होती.

ती म्हणाली, "कंचा हक्क?"

तिला खरंच माहीत नव्हतं, दादा. जे सोडायचं होतं ते आपल्याकडे आहे हेच तिला माहीत नव्हतं. मी सांगायला लागले. दिल्लीला दोन घरं आहेत, तिथे देशाने निवडून दिलेली माणसं बसतात, त्यांनी कलम कलम वाचून, भांडून, मतं देऊन असा कायदा केला की बाप गेला की मुलीचाही वाटा. सही जूनमध्ये झाली आणि तुझे बाबा त्याच्या नंतर गेले, म्हणून तुझा आहे. मी चौथीच्या वर्गाला सांगते तसं सांगत होते. भिकू म्हणाला, "बाई, तुमाला वाचायला बोलावला व्हता, शिकवायला न्हाय." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी कागद खाली ठेवला.

ठमी आपल्या अंगठ्याकडे बघत बसली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहे, तुला तुझा दादा देत व्हता. तू घेतला न्हाय. आख्खा गाव सांगतो, बाई कशी मानी हाय. मंग मी घेतला तर मी कोन झाले?"

माझ्याकडे उत्तर होतं. तुझा हक्क आहे, माझा नव्हता, सहा दिवसांचा फरक आहे. ते तोंडापर्यंत आलं आणि मला त्याची लाज वाटली. मी नको म्हटलं ते बाबांच्या मनासारखं म्हटलं, असं मी समजत होते. आणि गावाने त्याचा अर्थ असा लावला होता की चांगल्या घरची बाई घेत नाही. माझं नाव पुढे करून किती ओट्यांवर किती अंगठे उठले असतील कोण जाणे.

मी म्हटलं, "मी घेणार आहे."

आधी म्हटलं आणि मग ऐकलं, असं झालं. दारातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ठमीने विचारलं, कधी? मी म्हटलं, दादा आला की.

तिने अंगठा ओट्याच्या दगडावर पुसला. शाई पुरती गेली नाही, तर पदराने पुसला. भिकूला म्हणाली, "जमीन तुमीच पिकवा. मला भात धाडा, नको धाडू, तुमचा तुमी बघा. पन बाबांच्या मागं माझा नाव राहू दे." भिकूने चहाची बशी बाजूला सारली. रागावला असेल, पण ओरडला नाही. शेवटी त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली, फाडला नाही. तो पुन्हा निघेल कधीतरी. दादूने ठमीला जेवून जा म्हटलं आणि ती जेवली. मला वाटतं तेवढं पुष्कळ झालं.

घरी येताना मी तुझ्या जूनमधल्या बोलण्याचा विचार करत आले. मी ते दया म्हणून ऐकलं होतं. पण तू काही देतो आहेस असं म्हणाला नव्हतास, तू मागत होतास. इतकी वर्षं दुसऱ्यांचं लिहून घेणाऱ्या माणसाने एकदा स्वतःचं काही मागितलं आणि मी भांडी घासत बसले. तळ्याच्या पत्राबद्दल तू माफी कधी मागितली नाहीस, मीही तशी वाट बघितली नाही. आता ती राहू दे. हे पुरे आहे.

अधिवेशन सुरू व्हायच्या आत ये. दिवाळीनंतर कचेऱ्या उघडल्या की अलिबागला जाऊन बक्षीसपत्र नोंदवू. त्या शब्दाशी मी जुळवून घेईन. नलूवहिनींनाही आण. वाडी आता चांगली दिसते आहे, सुपारीला रंग चढला आहे, आणि पहाटे बनातून इतकं धुकं येतं की माडांचे नुसते शेंडे तरंगतात.

ठमी म्हणते, तीही आपल्याबरोबर अलिबागला येणार. तिला तिथे काही करायचं नाही. बाई सही करते ती कशी करते, एवढं तिला बघायचं आहे.

राही